पुढचं कडवं

शाळेचा देश-सप्ताह होता. कोणत्या वर्गाने कोणता देश मांडायचा यासाठी मुख्याध्यापकांनी चिठ्ठ्या टाकल्या, आणि भूगोलाच्या बाईंच्या वाट्याला नेमका त्यांच्या सासूबाईंचा देश आला.

सासूबाई लहानपणी लढाईत तिथून पळून आल्या होत्या. त्यापलीकडे घरात कुणाला काही ठाऊक नव्हतं. विषय काढला की त्या दूध बघायला उठायच्या, मग गॅसवर दूध असो की नसो.

"आई, मुलींना एखादं गाणं तरी शिकवा," बाई म्हणाल्या. "नुसते नकाशे टांगून काय कळणार त्यांना?"

सासूबाईंनी आधी कानांवर हात ठेवले. मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "टाळ्यांचं एक आहे. पण एकच कडवं शिकवीन."

मुलींनी हॉलमध्ये पुठ्ठ्याची गल्ली उभारली होती. निळी दारं, दगडी पायऱ्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे. सासूबाई तिथे शिरल्या आणि पदर सावरत भिंतीच्या कडेकडेने चालू लागल्या, जणू समोरून कुणाला वाट द्यायची होती. मग मुलींना समोरासमोर बसवून त्यांनी ते परक्या भाषेतलं कडवं शिकवलं. मुली अडखळत, फिदीफिदी हसत शिकल्या. एक मुलगी तेवढी जोडीदाराविना कोपऱ्यात बसली होती. ती फारशी बोलत नसे, म्हणून वर्गात तिचं नावच घुमी पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आपणहून आल्या. मुलींनी कडवं म्हणून दाखवलं, टाळ्या थांबल्या. कोपऱ्यातून मात्र टाळ्या येतच राहिल्या. घुमी पुठ्ठ्याच्या दाराकडे तोंड करून हवेत टाळ्या देत होती आणि गात होती. उच्चार स्वच्छ, एकही अडखळ नाही.

"काय म्हणतेय ती?" बाईंनी विचारलं.

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पुढचं कडवं," त्या म्हणाल्या.

"कुठे ऐकलं असेल बरं तिनं?"

"कुठे ऐकणार? ते मी रचलं होतं. माझ्या धाकट्या बहिणीसाठी. तिचं नाव आहे त्यात."

सून म्हणून घरात येऊन बाईंचे केस पिकायला लागले होते, आणि सासूबाईंना बहीण होती हे त्यांना आज कळत होतं.

सासूबाई गुडघे धरत घुमीशेजारी बसल्या. "कुणी शिकवलं गं तुला?"

"ही शिकवते," घुमीने दाराकडे बोट दाखवलं. "आजी, हिचा एकच हात टाळी देतो. दुसरा ती देत नाही. म्हणते, तो ताईने धरलाय."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. बाई त्यांना उठवायला पुढे झाल्या, पण त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

रात्री घरी जेवताना सासूबाईंनी आपण होऊन सांगितलं. सीमेवरच्या फाटकाशी गर्दी लोटली, तेव्हा धाकटीचा हात त्यांच्या हातात होता. आईने बजावलं होतं, काही झालं तरी सोडू नकोस. फाटकापलीकडे आल्यावर मूठ उघडून बघितली, तर मूठ रिकामी.

"आईनं मला कधी बोल लावला नाही," त्या म्हणाल्या. "लावला असता तर बरं झालं असतं."

त्यांच्या मुलाला आपल्याला मावशी होती हे पन्नाशीत कळत होतं. तो हातातला घास तसाच धरून बसला.

सप्ताह संपेपर्यंत सासूबाई रोज शाळेत गेल्या. पुठ्ठ्याच्या पायरीपाशी बसून त्या आपल्या भाषेत हळू आवाजात बोलत. कोणी हसलं नाही. शेवटच्या दिवशी शिपायाने गल्ली उतरवायला घेतली, तेव्हा त्यांनी ते निळं दार उघडलं, खाली वाकल्या आणि हात पुढे केला. मग तो हात तसाच जरा खाली धरून, मूठ घट्ट मिटून, सावकाश घराच्या वाटेला लागल्या. शाळेच्या फाटकापाशी टॅक्सी उभी होती. बाईंनी पुढे होऊन मागचं दार उघडलं आणि सासूबाई बसल्यावर स्वतः ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या.

तेव्हापासून सासूबाई पलंगावर भिंतीकडे सरकून झोपतात. मुलगा म्हणतो, "आई, ऐसपैस झोप की, एवढी जागा आहे." बाई पांघरूण घालायला जातात, तेव्हा रिकाम्या अर्ध्या पलंगावरही ते नीट ओढतात.