पालथी चिठ्ठी

रक्त तपासणी केंद्रात सुया टोचणाऱ्या टाकीने त्यांना दारातच ओळखलं. तेच ते, शाळेतले खेळाचे सर. अंगावर तोळाभर मांस नाही, पण जीभ वीतभर.

टाकी हे नावही त्यांनीच ठेवलेलं. शाळेत वर्षातून दोनदा वजनं व्हायची. काटा सभागृहाच्या एका टोकाला, वही दुसऱ्या टोकाला आणि मधे दोनशे पोरं. सर प्रत्येकाचा आकडा खणखणीत ओरडायचे. हिची पाळी आली की आधी, "सरका रे, टाकी आली!" आणि मग आकडा. वर हसून म्हणायचे, "मागे ऐकू जायला नको?" तेराव्या वर्षीचा तो आकडा, एक्क्याऐंशी, तिला आजही पाठ होता.

त्यानंतर ती चारचौघांत जेवेनाशी झाली. दिवसभर उपाशी राहायची आणि घरी कडी लावून, रडत रडत, पावाची अख्खी लादी संपवायची. झोप उडाली, शाळा बुडाली. एकोणिसाव्या वर्षी साखर निघाली, यकृतावर चरबी निघाली. जो तो म्हणे, तोंडाला कुलूप लाव. एकच डॉक्टरीणबाई अशी भेटली, जिने आधी विचारलं, "झोप लागते का? मनात काय चालतं?" गोळ्या आणि बोलणं, दोन्ही सुरू झालं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. वजन फारसं हललं नाही, पण साखर उतरली आणि आरशासमोर उभं राहता येऊ लागलं.

इथे कामाला लागल्यावर तिने भांडून एक नियम करून घेतला होता. आकडा तोंडाने सांगायचा नाही. चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी पालथी घालून द्यायची.

सरांनी तिला ओळखलं नाही. इतक्या पोरांचं हसं केलेल्या माणसाला एकेकीचा चेहरा कुठला लक्षात राहायला!

"माझी साखर बघून टाका, मॅडम. मला काय धाड भरलीय म्हणा," ते खुर्चीत बसत म्हणाले. "खरं गिऱ्हाईक ती तिकडे. माझी नात. पोतं झालंय नुसतं. तिचं वजन करा आणि जरा मोठ्यांदा सांगा. लाज तरी वाटेल."

भिंतीपाशी बारा वर्षांची मुलगी पोटावर दप्तर धरून बसली होती. तिने ते आणखी घट्ट धरलं.

टाकीने सरांच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. आकडा आला. तिने चिठ्ठी ओढली, पेन उघडलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी गेली तर गेली. ती उठून उभी राहिली.

"तीनशे बारा!" ती ओरडली. "सरांची उपाशीपोटी साखर, तीनशे बारा!"

वीस माना वळल्या. सरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, हळू! सगळ्यांसमोर कसलं ओरडता?"

"मागे ऐकू जायला नको, सर?"

त्यांनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. "टाकी?" ते पुटपुटले.

"हळू का? मोठ्यांदा म्हणा की. तुमचाच आवाज होता ना खणखणीत?"

खोटं कशाला सांगा, तिच्या जिवाला असं काही गार वाटलं, जे कुठल्या गोळीने कधी वाटलं नव्हतं. बारा वर्षं ती या एका क्षणाची वाट बघत होती.

त्याच खुशीत ती भिंतीकडे वळली. "चल बाळा, आता तू."

मुलगी उठली, काट्यापर्यंत आली आणि थांबली.

"ताई, माझापण आकडा ओरडणार?"

"छे गं! मी कधीच ओरडत नाही."

"आत्ता तर ओरडलात."

टाकीने कोरी चिठ्ठी उचलून पालथी धरून दाखवली. म्हाताऱ्याची कीव तिला तेव्हाही आली नाही, आजही येत नाही. पण मुलगी काट्यावर चढेना, आणि दप्तरही सोडेना.