स्विच बंद, तरी मी जागा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. टेबलावरचा नव्हे, छताच्या पोटात बसवलेला. माझं तोंड खोलीकडे आणि पाठ छतावरच्या पोकळीत. खाली माणसांचा वावर, तर वर मिट्ट काळोख, धूळ आणि वाट चुकून तिथेच वाळून गेलेली एक पाल.

कारखान्यात पत्र्याची वाटी ठोकून मला घडवलं, दोन्ही बाजूंना स्प्रिंगा लावल्या. या घरी मला बसवणारा माणूस मात्र घाईत होता. स्विच वीज आणणाऱ्या तारेवर हवा, तो त्याने परतीच्या तारेवर जोडला. बटण दाबलं की मी लागायचो आणि विझायचोही, म्हणून कोणाला शंका आली नाही. पण वीज माझ्यापाशी कायम उभी असायची. अगदी स्विच बंद असतानासुद्धा.

माझ्याखाली आजोबांची आरामखुर्ची होती. ते घड्याळं दुरुस्त करत. "याचा उजेड डोळ्यांना टोचत नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे. पुढे ते आजारी पडले आणि त्याच खोलीत देवाघरी गेले.

त्यानंतर काही दिवसांनी माझा जुना बल्ब उडाला. शेजाऱ्याने नवा एलईडी बल्ब बसवून दिला. त्या संध्याकाळी आजींनी स्विच बंद केला, दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. मी पूर्ण विझलोच नव्हतो. राखेखालच्या निखाऱ्यासारखा फिकट उजेड माझ्यात उरला होता आणि तो नेमका रिकाम्या खुर्चीवर पडला होता.

"अहो, आलात का?" आजींनी हळूच विचारलं.

तेव्हापासून त्या रोज दिवा मालवून खुर्चीसमोर बसू लागल्या. गुडघेदुखी, दुधाचं नासणं, लेकीचा न आलेला फोन, सगळं सांगायच्या. मग गप्प होऊन उत्तराची वाट बघायच्या. मला वाचा नव्हती, मित्रांनो. तारेत काहीतरी बिघडलं होतं, म्हणून मी मधूनच थरथरायचो. त्यालाच त्या होकार समजायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं की माझा मलाच धाक वाटे.

माझी देखभाल कोणी केली नाही. वर तारांचं प्लास्टिक करपत गेलं. एकदा दुपारी लेक राहायला आली आणि दारातच नाक मुरडून म्हणाली, "आई, जळका वास येतोय. हा दिवा आधी बदलते."

तिने स्विच बंद केला, शिडी लावली आणि वर चढली.

"अगं, हात लावू नकोस!" आजी ओरडल्या. "ते जागे आहेत!"

"आई, पुरे झालं आता." तिची बोटं माझ्या कडेला टेकायला आली होती. इतक्यात आजींनी झपकन पडदा ओढला. खोली अंधारली आणि लेकीच्या तळहातावर माझा फिकट उजेड पडला.

तिचा हात जागच्या जागी थिजला. तीही क्षणभर घाबरली. मग स्वतःशीच पुटपुटली, "स्विच बंद आहे... म्हणजे वीज इथे आहेच."

ती जपून खाली उतरली. टेस्टर चालतो ना, हे आधी सुरू प्लगवर पाहिलं. मग घराचा मेन स्विचच पाडला. फ्रीजची घरघर थांबली आणि मी हळूहळू मावळलो.

"गेले," आजी म्हणाल्या आणि खुर्चीचा हात धरून खाली बसल्या.

लेकीने पडदा सारला, पुन्हा वर चढून बल्ब काढला, माझ्या होल्डरला टेस्टर लावून पाहिला आणि मग मला बाहेर ओढलं. काळ्या पडलेल्या तारा पाहून तिने पुढे हात घातला नाही, वायरमनला बोलावलं. त्याने जोडणी बघितली आणि कपाळाला हात लावला. "स्विच उलट्या तारेवर आहे हो. तुम्ही तसाच हात घातला असता तर..."

त्याने जोडणी सुधारली, नवा दिवा बसवला. संध्याकाळी तो मालवला तेव्हा खोलीत खरोखरचा काळोख झाला.

"आता मी कोणाशी बोलू गं? रोजचं दूध नासलं तरी ह्यांनाच सांगायचे," आजी म्हणाल्या.

लेक चाचपडत गेली आणि वडिलांच्या खुर्चीत बसली. मग म्हणाली, "दूध रोज नासतं का गं?"

मित्रांनो, मी आता खोक्यात पडून आहे. माझं एवढं ऐका. दिवा बदलायचा असेल तर नुसत्या बटणावर विसंबू नका. मेन बंद करून तपासल्याशिवाय मोठ्यांनाही हात लावू देऊ नका. आणि घरातलं कोणी अंधाराशी बोलताना दिसलं, तर दिवा लावण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसा.