दोन्ही हातांनी धरलेला मग

मित्रांनो, माझं अंग पांढरं आहे, काठ निळा आहे आणि कानाजवळ एक टवका उडालेला आहे. मी इनॅमलचा जुना मग आहे. सध्या मी सेकोंदी नावाच्या बंदराच्या गावात, माझ्या मालकाच्या मुलीच्या, अराबाच्या कोठीच्या खोलीत, सर्वांत वरच्या फळीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांमागे उपडा पडलेलो आहे. उपड्या मगाला स्वतःच्या आतल्या अंधाराशिवाय काही दिसत नाही. तरी माझी तक्रार नाही.

मूळचा मी साधा पत्रा. कारखान्यात मला ठोकून गोल केलं, पांढऱ्या रंगात बुडवलं, भट्टीत भाजलं. एसीबाईने मला बाजारातून आणलं ते नवऱ्याच्या सकाळच्या मक्याच्या पेजेसाठी. तिचा नवरा कोबिना नाटक कंपनीत विनोदी कामं करायचा. तोंडावर पांढरे पट्टे ओढून गावोगाव फिरायचा. एकदा दारुड्याच्या सोंगासाठी त्याने मलाच उचललं. दोन बोटांत मला धरायचं, करंगळी ताठ वर ठेवायची, "थोडंसंच हं, थोडंसंच!" म्हणत पाण्याचा घोट घ्यायचा आणि धाडकन आडवं व्हायचं. लोक हसून हसून बाकांवरून घसरायचे. वर्षभरात त्याचं खरं नाव मागे पडलं. किनाऱ्यावरची पोरंसोरंही त्याला 'पापा थोडंसंच' म्हणू लागली.

आमच्याकडे एक रीत आहे. सोंग मनाला भिडलं की प्रेक्षक उठून थेट रंगमंचावर येतात आणि त्या पात्राला हवं ते देतात. अनाथ मुलीला केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेली मासळी मिळायची. दारुड्याला काय मिळणार? ताडीतून गाळलेली अक्पेतेशी, पाण्यासारखी नितळ. "घ्या पापा, आमच्या घरची आहे!" म्हणत लोक ती माझ्यात ओतायचे. नाही म्हटलं तर देणाऱ्याचा अपमान. त्या लोकांच्या मनात प्रेमाशिवाय काही नव्हतं. मी अगदी जवळून पाहिलंय. म्हणून राग कुणावर धरावा ते मला अजून कळत नाही.

मग एक दिवस ती करंगळी खाली आली. त्याने मला दोन्ही हातांनी धरलं, थंडीत शेगडीजवळ हात धरावेत तसं. त्या दिवसापासून तो सोंग करत नव्हता. हे मला कळलं, आणि पडद्याआड उभ्या असलेल्या त्याच्या सात वर्षांच्या मुलीला, अराबाला कळलं.

"पापा, बोट वर नाही केलंत," ती म्हणाली.

तो हसला. सगळेच हसले.

पुढे रेडिओवर त्याचा आवाज आला, भिंतीभिंतीवर चित्रं लागली. मग संवाद विसरणं आलं. कंपनी त्याला सोडून पुढच्या गावाला गेली. एसीबाई मुलीला घेऊन माहेरी गेली. घरात तो आणि मी उरलो. "तू तरी आहेस," तो मला म्हणायचा. मी होतो, मित्रांनो. हेच तर वाईट होतं.

शेवटी दवाखाना झाला. डॉक्टर स्पष्ट बोलले, "पुन्हा एकदा सुरू झालं, तर इथून परत जाणं नाही." मोठी होऊन सिनेमे बनवू लागलेली अराबा त्याला आपल्या घरी घेऊन आली. तीन वर्षं एक थेंबही नाही. मग त्यानेच तिला सुचवलं, "माझ्या आयुष्याचा सिनेमा कर. माझं काम मीच करतो. लोक कशाला हसत होते, ते त्यांना एकदा बघू दे."

ज्या दिवशी रंगमंचाचा प्रसंग होता, त्या दिवशी अंगणात शेजारीपाजारी प्रेक्षक म्हणून बसले. मासळीवाल्या मान्साने सुरुवात केली, "अहो पापा, पोट सुटलं की तुमचं! दारुडे असे गुटगुटीत असतात होय?"

"मुलीच्या हातचं खातोय, मान्सा. तुझ्या हातचं खाल्लं असतं तर बरोबर वाळलो असतो."

पूर्वजांना तीन धारा ओतल्याशिवाय आमच्याकडे कामाला हात लागत नाही. जुन्या नाटक कंपनीतल्या म्हाताऱ्या एसिलफीमामांनी त्यासाठी मलाच मागून घेतलं. "कंपनीचं सगळ्यात जुनं भांडं. पूर्वज ओळखतील." उंबऱ्याशी अक्पेतेशी ओतून झाली. उरलेली ओतणाऱ्यानेच प्यायची असते. पण समोर कोबिना उभा होता. त्याच्यादेखत कसं प्यायचं, म्हणून मामांनी संकोचाने मला टेबलावर ठेवलं आणि मागाहून विसरले. सगळ्या अंगणाला तोच वास होता. अराबा घाईत आली, माझ्यात डोकावली, "पाणी भरलेलं दिसतंय" म्हणाली आणि तिने मला वडिलांच्या हातात दिलं.

कॅमेरा सुरू झाला. त्याने मला ओठांजवळ नेलं आणि तो थांबला.

"यात दारू आहे," तो म्हणाला.

अंगण हशाने फुटलं. "असणारच की, पापा! थोडंसंच हं!"

"खरंच आहे. घ्या कुणीतरी हे."

हशा आणखी वाढला. मान्सा तर डोळे पुसत होती. चाळीस माणसं समोर होती, आणि त्याचं ऐकणारं एकही नव्हतं. माझा काठ त्याच्या खालच्या ओठाला टेकला. मी पत्रा. मला मागे सरता येत नव्हतं. मग त्याचा दुसरा हात हळूहळू वर आला आणि माझ्याभोवती मिटला.

कॅमेऱ्यामागे अराबाने ते दोन हात पाहिले.

ती धावली. दिवा कलंडला, प्रसंग वाया गेला, कुणीतरी ओरडलं. तिने त्याची बोटं एकेक करून माझ्यावरून सोडवली आणि मला वाळूत रिकामं केलं. हशा कधी थांबला ते मला कळलं नाही.

"चुकून मीच दिला, पापा. मीच."

"तू बघितलंस ना," तो म्हणाला. "बस."

सिनेमा पुढे दुसरा मग घेऊन पूर्ण झाला. मला त्याच संध्याकाळी या फळीवर ठेवलं. कधीकधी अंगणातून त्याचा आवाज येतो. तो पाणी मागतो, मग दुसऱ्या कुठल्यातरी भांड्याचा आवाज होतो. मला पेजेची ऊब आठवते. त्याच्या हातांचीही.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी भांडी शेवटी विनवतात की आम्हाला घासा, पुसा, वापरा. माझं मागणं वेगळं आहे. तुम्हाला हसवणारा माणूस कधी काही सांगू लागला, तर हसण्याआधी त्याच्या हातांकडे बघा. आणि साफसफाई करताना तुमच्यापैकी कुणाला मी सापडलो, तर कृपा करून मला खाली काढू नका.