तिसऱ्या गावाचा आवाज

"पुन्हा लाव," पंप मेकॅनिक म्हणाला आणि त्यानं लेकीचा मोबाइल उजव्या कानाशी धरला.

"बाबा, पहिलं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलंत. स्पॅनिशचं एक अक्षर तरी कळतंय का तुम्हाला?"

"पंपाची तरी भाषा कुठे येते मला? लाव."

लेकीनं पुन्हा लावलं. अर्ज चार वाजेपर्यंत पाठवायचा होता आणि गावाच्या नावाची चौकट अजून कोरी होती. तिला हॉस्पिटलात दुभाषी व्हायचं होतं. त्यासाठी परदेशी, ती भाषा बोलणाऱ्या माणसांत राहून स्पॅनिश शिकायला हवं होतं. शिष्यवृत्ती मिळाली होती. तीन गावांतलं एक निवडायचं होतं. पहिलं समुद्राकाठचं, एका रात्रीच्या प्रवासावरचं, तीन महिन्यांचं. दुसरं मोठं शहर, सहा महिने. तिसरं डोंगरातलं. दोन विमानं, वर दिवसभराची बस, अकरा महिने, आणि मध्ये सुट्टी नाही. तिन्ही गावांतल्या भाषाशाळांनी आपापल्या बाजारात शिकणाऱ्यांचं तिथल्या माणसांशी बोलणं रेकॉर्ड करून पाठवलं होतं.

आई गेल्यापासून घरात दोघंच होती. "तुम्ही सांगाल तिथे जाईन," म्हणून लेकीनं ही निवड त्याच्या गळ्यात घातली होती.

त्याची थोरली बहीण टेबलापाशी शेंगा सोलत बसली होती. "अरे, सांगून टाक ना समुद्राचं. डोळे मिटून सांग. तीन महिन्यांत पोरगी दारात हजर."

"अक्का, हे डोळ्यांचं काम नाही."

"कसलं काम आहे ते ठाऊक आहे मला," अक्का म्हणाली, आणि भाचीची नजर चुकवून तिनं स्वतःच्या कानाला बोट लावलं.

त्यानं मान फिरवली. डावा कान पंपघरांच्या आवाजानं केव्हाच गेला होता, ते सगळ्यांनाच माहीत होतं. उजवाही चाललाय, हे मात्र फक्त अक्काला माहीत होतं, कारण डॉक्टरांकडे तीच बरोबर आली होती. "वर्षभर धरून चाला," डॉक्टर म्हणाले होते. त्यानंतर यंत्र लावूनही फारसं काही हाती लागणार नव्हतं. लेकीला हे सांगायचं नाही, असं त्यानं अक्काकडून कबूल करून घेतलं होतं.

तीस वर्षं तो पंप ऐकत आला होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या पंपाला, मूठ कानाला. बेअरिंग कुठे घासतंय, ते तो पंप खोलायच्या आधी सांगायचा. मालक कितीही घायकुतीला आलेला असो, बिघडलेल्या पंपाला त्यानं कधी बरा म्हटलं नव्हतं.

दुसरं रेकॉर्डिंग त्यानं अर्ध्यावरच थांबवलं. "इथे सगळेच घाईत. कुणी कुणाचं ऐकतच नाही." तिसरं मात्र त्यानं दोनदा ऐकलं, श्वास रोखून.

"काय डॉक्टर?" अक्का म्हणाली. "लागली का नाडी?"

"ही बाई भाजीवाली का गं?" त्यानं लेकीला विचारलं.

"फळवाली."

"ती शिकणारी पोरगी मध्येच अडली, ऐकलंस? बाई गप्प राहिली. पोरीला शब्द सापडेपर्यंत गप्प. मग चुकलं तेवढंच पुन्हा म्हणून दाखवलं, आणि परत थांबली."

"आणि पहिल्या गावात?"

अक्काचे हात शेंगांवरच थांबले. "ते बरं आहे," एवढं म्हटलं की झालं. लेक तीन महिन्यांत परत येणार होती, आणि पुढे कितीतरी महिने तिचा आवाज घरात असणार होता. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते.

"पहिल्या गावातली माणसं गोड आहेत," तो म्हणाला. "पण पोरगी अडली की समोरचाच तिचं वाक्य पुरं करून टाकतो. भार नसला की मोटार अशीच गोड वाजते. तिथून तू हसतखेळत परत येशील, आणि हॉस्पिटलात कुणी दुखणं सांगायला लागलं की त्याच्या तोंडाकडे बघत बसशील."

"म्हणजे डोंगर?"

"डोंगर."

"अकरा महिने आहेत, बाबा."

"मोजता येतात मला."

"अरे, पण तुझं..." अक्का बोलू लागली.

"अक्का." तो एवढंच म्हणाला. तिनं पुढची शेंग उचलली.

लेकीनं चौकट भरली. पाठवण्याआधी तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. अर्ज गेला.

"आता येतं तेवढं बोलून दाखव," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही. बरोबर काय काय नेणार, ते सांग."

"तुम्हाला कळायचं नाही."

"नाही कळलं तर नाही. पण माझ्यासाठी मुद्दाम मोठ्यानं नको हं. तुझ्या नेहमीच्या आवाजात बोल."

लेक लाजून हसली आणि अडखळत सुरू झाली. त्यानं पंखा बंद केला, खुर्ची वळवून उजवी बाजू तिच्याकडे केली आणि तिच्या बोलण्याच्या दिशेनं थोडा वाकला. खालून एक टेम्पो हॉर्न वाजवत चालला होता. अक्का उठली. हातातल्या शेंगा तिनं ताटात ठेवल्या आणि जाऊन रस्त्याकडची खिडकी लावून घेतली.