धोंडूमामाच्या मिरचीला दिवा

चाळीस बिया पेरल्या आणि तीन उगवल्या, तेव्हा कीर्तीने त्या तीन रोपांसमोर खरोखर हात जोडले. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. ही मिरची आता दुसरीकडे कुठेच उरलेली नव्हती. तिच्या सासूबाईंचा, कौसल्याबाईंचा, भाऊ धोंडू मालवणकडच्या वाडीत जन्मभर ती लावत आला. बुटकी, जाड सालीची, रंगाला लालभडक आणि तिखटाला बेताची. शिमग्यात मामा गेला. मग पहिल्याच वादळात घराचं छप्पर बसलं आणि माळ्यावरचं बियाणं कुजून गेलं. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत, एका बरणीच्या तळाशी राहिलेल्या या चाळीस जुनाट बिया तेवढ्या शिल्लक होत्या.

भाऊ गेल्यापासून कौसल्याबाईंनी बोलणंच टाकलं होतं. ज्या बाईच्या हातचा मसाला न्यायला गाववाले पार माझगावहून यायचे, ती ऐन मसाल्याच्या दिवसांत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मुलगा दीपक जहाजावर, दिवाळीशिवाय यायचा नाही. पहिला कोंब दिसला त्या सकाळी मात्र त्या उठून बसल्या, चहा मागितला आणि म्हणाल्या, "धोंडूची मिरची ती. जगतली."

त्या एका शब्दावर कीर्तीने कंबर कसली. रोपं जगली तर आई जगतील, असं तिने मनाशी धरून ठेवलं. वेडेपणा होता, पण माणूस हवालदिल झाला की असंच काहीतरी धरून ठेवतो.

आता उजेड कुठून आणायचा? समोर बेचाळीस मजले उभे राहिल्यापासून चाळीच्या गॅलरीत ऊन येत नव्हतं. गच्चीवर गळतीसाठी पत्रे ठोकलेले. त्यात आषाढ. ट्यूबलाइटखाली ठेवली तर रोपं आठवड्यात दोऱ्यासारखी लांब आणि पांढुरकी झाली.

शेजारच्या रमाकांतकाकांनी तीस वर्षं मंडपांची रोषणाई केली होती. ते पोटमाळ्यावरून सोडियमचा दिवा घेऊन आले. चोक घुंऽऽ करायला लागला आणि सगळी खोली हमरस्त्यासारखी पिवळी झाली. "हा फुलाफळांना चांगला असं म्हणतात," काका म्हणाले. फुलं यायला अजून दोन महिने होते. रोपं आणखी लांबली आणि दिव्याच्या बाजूची पानं करपली.

मग काकांनी मेटल आणला, मेटल हॅलाइड, मूर्तीवर सोडतात तो पांढरानिळा झोत. याने पानं हिरवी झाली, देठ जाड झाला. कीर्तीला वाटलं, सुटलो. पण आगीतून फुफाट्यात. त्या दिव्याने खोलीची भट्टी झाली, कौसल्याबाईंचं प्रेशर वाढलं, आणि तिसऱ्या दिवशी कुंडीतली माती एवढी तापली की एक रोप दुपारपर्यंत मान टाकून मेलं.

त्या वेळी कौसल्याबाई हळूच म्हणाल्या होत्या, "दिवो जरा लांब कर गो. भाजतहत ती."

"आई, तुम्हाला त्यातलं कळत नाही. मी सगळं वाचलंय," कीर्ती फटकन बोलली होती. वाचलं होतं हे खरं. लांब केला नाही, हेही खरं.

उरली दोन. कीर्तीने दादरला जाऊन एलईडीचा पॅनल आणला. लहान ताटाएवढा, पांढरा, उजेड झोंबणारा पण अंगाला थंड. बाजूला काळं बटण, फिरवलं की उजेड कमीजास्त. प्लगला टायमर, म्हणजे पहाटे आपोआप लागणार आणि रात्री आपोआप बंद होणार. दुबळी रोपं म्हणून तिने उजेड अगदी मंद ठेवला. चार दिवसांत मधोमध नवीन पान आलं. करंगळीच्या नखाएवढं, पण घट्ट आणि हिरवंगार. कौसल्याबाई स्टूल ओढून त्याच्याकडे बघत बसायच्या. जेवायला लागल्या होत्या.

आणि तेव्हाच ऑफिसने पुण्याला पाच दिवसांचं ट्रेनिंग काढलं. कीर्तीने नाही म्हणून पाहिलं, रजा टाकून पाहिली, साहेबांपुढे डोळ्यांत पाणी आणून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. निघताना सासूला बजावलं, "कशालाही हात लावू नका. मी फोनवर सांगेन तेवढंच करा. आणि माती ओली ठेवा."

दुसऱ्या दिवशी तिने हिशोब केला. नवीन पान आलंय, आता जास्त उजेड हवा, नाहीतर पुन्हा दोरे होतील. तिने फोन लावला. एरवी ती "लाइट" म्हणायची. आईंना नीट समजावं म्हणून मुद्दाम म्हणाली, "आई, आता दिवा वाढवा. बाजूचं काळं बटण आहे ना, ते फिरवा."

पलीकडून कौसल्याबाईंनी खात्री करून घेतली. "वाढवू?"

"हो. मी येईपर्यंत तसाच राहू दे."

"बरा. वाढवलंय."

मग रोजचा फोन. वाढवलेलाच आहे ना? होय. माती ओली आहे ना? होय. कौसल्याबाईंचा आवाज बारीक येत होता, पण कीर्तीला आनंद एवढा की तो ऐकायला तिला कान नव्हते. ट्रेनिंगला शेजारी बसलेल्या बाईला तिने मिरचीची अख्खी कहाणी सांगितली आणि पुढच्या वर्षी मसाला पाठवीन असं कबूलही केलं.

शनिवारी संध्याकाळी ती परतली. दार ढकललं तर खोलीत देवाजवळच्या समईएवढाच उजेड. पॅनल काळा. प्लग जागेवर, टायमर चालू. तिने हात लावला तर बटण डावीकडे पार शेवटपर्यंत फिरवलेलं. तिने ते फिरवलं. पांढरा उजेड भसकन कुंडीवर पडला. मातीवर बुरशीची पांढरी साय होती. दोन्ही रोपं मातीलगत कुजून आडवी पडली होती. तिने एक उचललं तर देठ बोटांत विरघळला.

"आई, हे काय केलंत? वाढवा म्हटलं होतं मी."

"वाढवलंय ना," कौसल्याबाई म्हणाल्या. त्या पलंगाच्या कडेला बसून होत्या, हात मांडीवर. "तूच सांगितलंस."

तेव्हा कीर्तीच्या डोक्यात लख्ख पडलं. डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये वाढलेल्या पोरीच्या बोलण्यात हे कधी नव्हतं, पण चाळीत आल्यापासून तिने ते ऐकलं होतं. खाली वाणी रात्री दुकान वाढवतो म्हणजे बंद करतो. बाईची बांगडी वाढवली म्हणजे फुटली. घरातला दिवा विझवला असं जुनी माणसं कधी तोंडातून काढत नाहीत. ती दिवा वाढवतात.

कीर्ती तिथेच फरशीवर बसली. धोंडूमामाचं सगळं संपलं होतं आणि ते आपल्याच तोंडाने संपवलं होतं. रडूही येईना. तिला फक्त एक कळेना. "आई, जन्म तुमचा शेतातला. अंधारात रोप जगत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. मग मला विचारलं का नाहीत?"

कौसल्याबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"तिसऱ्या दिवशी वाकली ती. माका रवला नाय. मी बटण फिरवून उजेड केलंय, तासभर. उठली गो जराशी," त्या म्हणाल्या. "मगे तुझो फोन इलो, वाढवलेलाच आहे ना म्हणान. तुका भियालंय. म्हटलं, हिका सगळा कळता, माका काय कळता. म्हणान परत वाढवलंय."