शेवटच्या दाराअलीकडे

"चिकटतंय हे. काल बरं होतं, आज परत चिकटायला लागलं."

हे तो तिला सांगत नव्हता, कंट्रोलरला सांगत होता, तोंडातल्या तोंडात. आणि ती नवऱ्याच्या खांद्यामागे चहाचा कप घेऊन उभी राहून त्या कंट्रोलरवरची डावी दांडी बघत होती — काळ्या रबराची इवलीशी टोपी, एका कडेने इतकी झिजलेली की खालचं करडं प्लास्टिक दिसत होतं… त्या टोपीवर त्याचा अंगठा होता आणि अंगठा थरथरत होता. फार नाही. शिवणयंत्र थांबता थांबता सुई जेवढी हलते तेवढाच. समोर पडद्यावर, त्या अंगठ्याच्या हुकमाने चालणारा खेळातला त्यांचा धोंड्या, अंगात चिलखत, पाठीला ढाल, एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे करत होता, चप्पल हरवलेल्या माणसासारखा.

"आज परत नेते त्या दुरुस्तीवाल्याकडे," ती म्हणाली. "उघडून बघेल."

"मागच्या वेळी नीट साफ केलं नसणार."

"नसणार."

"हल्ली मन लावून काम करतं का कोणी."

"कुठलं आलंय."

तिने कप पुढे केला. अर्धाच भरलेला. गेल्या थंडीपासून या घरात चहा अर्धा अर्धा करून दोनदा प्यायला जातो — गरम राहतो म्हणून. हे कारण तिनेच शोधून काढलं होतं, आणि त्याने ते इतक्या पटकन मान्य केलं होतं की तिलाच धस्स झालं होतं. एरवी हा माणूस भाजीत मीठ कमी आहे हे मान्य करायलासुद्धा दोन दिवस घेतो.

मग तो शर्ट घालायला उठला. तिने पाठ केली, पण कपाटाच्या आरशात दिसत होतंच. त्याच्या सगळ्या शर्टांची बटणं तिने एकेक करून काढली होती, काजं आतून शिवून बंद केली होती, वर दिसायला तीच बटणं टाकून खाली टिचबटणं बसवली होती — नुसतं दाबलं की लागतं. "काजं फाटत चालली होती," असं सांगितलं होतं. आणि तो बोटांनी बटण काजातून ओढल्याचा अभिनय करत होता. रोज करतो. पूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच वेळ घेऊन, मान खाली घालून, आणि मग हळूच टिच्… टिच्… टिच्… हे कोण कोणाला फसवतंय, असं कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. तो तिला, ती त्याला, की दोघं मिळून त्या आरशाला.

उद्या येणार होता तो. खेळाचा पुढचा भाग.

कामावर जाताना तिच्या पर्समध्ये कंट्रोलर होता, हातरुमालात गुंडाळलेला, आणि चालता चालता ती दर थोड्या वेळाने तो चाचपून बघत होती. एवढ्या मोठ्या बाईने खेळाची अशी वाट बघावी याची तिला थोडी लाज वाटत होती, आणि थोडा अभिमानही. खेळ खरं तर लेकीचा. ती शाळेत असताना हट्टाने आणलेला. धोंड्या हे नावही तिनेच ठेवलेलं. मग लेक शिकायला दूर गेली, पाठोपाठ नोकरी, आणि घर इतकं गप्प झालं की एका संध्याकाळी नवऱ्याने सहज ते यंत्र सुरू केलं. ती शेजारी भाजी निवडत बसली होती. वर न बघताच म्हणाली, "डावीकडे कोणीतरी आहे." होतंच.

तेव्हापासून तसंच. हात त्याचे, डोळे तिचे. कंट्रोलर तिने कधी धरलाच नाही. ती सांगायची, तो करायचा — उभ्या संसारात फक्त तिथेच. सगळे राक्षस त्यांनी आपापल्या नातेवाइकांच्या नावाने ओळखले. दोन तोंडांची ती आत्याबाई, जमिनीतून अचानक उगवणारे ते चुलत सासरे. आणि एरवी "अहो"शिवाय न बोलणारी ती, लढाई पेटली की धोंड्याला म्हणून ओरडायची, "लोळ! अरे लोळ ना! ढाल घे, वेड्या!" — आणि धोंड्या लोळायचा. म्हणजे तोच. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा जिन्यात अगदी काळजीने विचारलं होतं, संध्याकाळी तुमच्याकडे कोण लोळतं हो?

शेवटच्या दारापाशी पोचले तेव्हा त्याने खेळ थांबवला होता. दाराअलीकडे एक शेकोटी असते, तिथे धोंड्याला बसवला. "संपवलं की संपलं," तो म्हणाला होता. "बसू दे त्याला. पुढचा भाग येईल तेव्हा उघडू." आणि धोंड्या बसला. वर्षानुवर्षं. अधूनमधून दोघं त्याला बघून यायचे, गावाकडच्या म्हाताऱ्याला बघून यावं तसे.

आता पुढचा भाग येत होता, आणि त्यात जुना गडी सोबत नेता येणार होता — फक्त त्याने शेवटचं दार पार केलेलं असलं पाहिजे. नाहीतर नवा कोणीतरी घ्या, पहिल्यापासून. लेकीने हे फोनवर समजावून सांगितलं त्या दिवसापासून तो रोज दार उघडत होता. दाराआड एक बिनचेहऱ्याची उंच बाई होती, पायघोळ झग्यातली. रोज ती धोंड्याला मारत होती. आणि रोज ती दांडी चिकटत होती.

तिची कामाची जागा म्हणजे एका मोठ्या कपड्यांच्या दुकानाचं तळघर. वर लोक कपडे घेतात, खाली ती आणि तिची सोबतीण ते अंगाच्या मापाचे करतात. विजारी आखूड, कंबर सैल, चेन नवी. समोर एक कोट होता, बाही मुंढ्यातून उसवून खांदा आत घ्यायचा होता. तिने टाका कापला, बाही सुटली, आणि तिला ती बाई आठवली. वार करायच्या आधी तिच्या उजव्या खांद्याशी, बरोबर मुंढ्यात, झग्याला एक चुणी पडते. तलवार नंतर हलते, चुणी आधी. कोणालाही हात उचलायचा असला की कापड आधी बोलतं — हे तिला जन्मभर माहीत होतं, आणि पहिल्याच दिवशी तिने ओळखलं होतं. "आता!" ती ओरडते. बरोबर वेळेवर ओरडते. आणि धोंड्या लोळतो, पण उशिरा… एवढासाच उशिरा… किंवा लोळायचं सोडून बाईच्याच अंगावर जातो, जणू पाया पडायला. काल तो असा गेला तेव्हा तिला हसू आलं होतं. मग तिने बाजूला बघितलं, आणि नवरा हसत नव्हता. तो आपल्या अंगठ्याकडे बघत होता, जसा तो औषधांच्या दुकानात, चिठ्ठीवरचं अक्षर लागत नसलं की बघायचा.

औषधांचं दुकान. आयुष्य गेलं त्याचं त्या गल्ल्यापलीकडे. कुठली गोळी कशावर, झोपेतून उठवून विचारा. हात असे थरथरणारी माणसं, सोबत त्यांच्या बायका, यायची त्याच्याकडे. गोळ्यांची पट्टी कापून देताना तो बायकोला बाजूला घेऊन समजावायचा — वेळ चुकवू नका हं, घड्याळ लावा. मग त्याला माहीत नसेल? त्याला? मालकाने त्याला मागच्या खोलीत माल लावायला बसवलं, "तुमच्यासारखा अनुभवी माणूस हवा तिथे" म्हणाला. घरी येऊन त्याने ते बढतीसारखं सांगितलं, आणि तिने बढतीसारखं ऐकलं. पेढेच काय ते वाटले नाहीत.

"हे कोणासाठी गं?"

शेजारच्या यंत्रावरची सोबतीण एक शर्ट हातात धरून उभी होती. निळा, गिऱ्हाइकाचा. तुटलेलं एक बटण लावायला आलेला. ते तिने स्वतःच लावलं होतं… आणि काज आतून शिवून बंद केलं होतं… आणि खाली टिचबटण बसवलं होतं. फक्त एकालाच नाही. वरपासून चार.

"म्हातारा आहे का गिऱ्हाईक?"

"नाही… म्हणजे… कोण जाणे. लक्ष नव्हतं माझं."

"लक्ष नव्हतं म्हणून माणूस कमी काम करतं, जास्त नाही." सोबतीण शर्टाकडे बघत राहिली. आतली शिवण तिने बोटाने चाचपली. इतकं सफाईदार काम पहिल्यांदा करणारीचं नसतं, हे तिला न कळण्यासारखं नव्हतं. मग कात्री पुढे केली. "उसव. जायच्या आत होईल. मी दोन उसवते, तू दोन उसव."

पुढचं काहीच विचारलं नाही. विचारायला काय हरकत होती? — असं वाटून तिला उगीचच राग आला, आणि विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, म्हणून आणखी आला. दोघी उसवत बसल्या. दोऱ्याचे तुकडे मांडीवर पडत होते. आज दिवसच लांबट होता, कुठूनही धरला तरी दुसऱ्या टोकाला पोचत नव्हता. उद्या यावा असं वाटत होतं, आणि येऊ नये असंही. लहानपणी निकालाच्या आदल्या दिवशी वाटायचं तसं, फक्त तेव्हा आपण काय लिहून आलोय ते आपल्याला माहीत नसायचं.

संध्याकाळी दुरुस्तीवाल्याच्या टपरीत तिने रुमाल उलगडला. त्याने कंट्रोलर उघडला, दिव्याखाली धरला, फुंकर मारली, बंद केला. दांडी गोल फिरवून बघितली. परत फिरवली. लोण्यासारखी फिरत होती.

"होती थोडी धूळ," तो म्हणाला.

"मागच्या वेळीही धूळच होती."

"धूळ काय, रोजच बसते, ताई." त्याने कंट्रोलर तिच्या रुमालात, तिने गुंडाळला होता त्यापेक्षा नीट गुंडाळला. "आमच्या बाबांचा रेडिओ असाच बिघडायचा. आवाजच यायचा नाही. मी किती वेळा उघडला असेन."

"मग?"

"मग काही नाही. उघडायचो, बंद करायचो. त्यांना बरं वाटायचं."

तिला हसू आलं, आणि टपरीच्या पायरीवर ते अर्ध्यातच थांबलं.

रस्त्यात लेकीचा फोन आला. मागे तिच्या ऑफिसची गडबड. "आई, उद्या! बाबा काय म्हणतायत?"

"काय म्हणणार. दार उघडतायत."

"झालं का?"

"नाही अजून."

लेक गडबडीतून बाजूला आली. मग जरा खालच्या आवाजात, "कंट्रोलर कसा आहे आता?"

"तसाच. सकाळी बरा असतो. संध्याकाळी जास्त."

"आणि… जेवताना वगैरे?"

कंट्रोलर जेवताना कसा असणार, असं दोघींपैकी कोणीच म्हणालं नाही. सिग्नल पडला, गाड्या सुटल्या, ती कडेला उभी राहिली.

"चमच्याने जेवतात हल्ली," ती म्हणाली.

"हं… मी नवीन पाठवू का? दुसरा घेऊ चांगल्यातला."

"आहे तो काय वाईट आहे," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला फोन ठेवल्यावर ऐकू आलं.

घरी तो तिची वाट बघत होता; म्हणजे तिची आणि कंट्रोलरची. यंत्र सुरूच होतं. धोंड्या शेकोटीशी बसला होता. ती हातपाय धुऊन आली, दोघं नेहमीच्या जागी बसली, तो डावीकडे, ती उजवीकडे. त्याने दार उघडलं. बाई वळली. चुणी — "आता!" — उशीर. परत. चुणी — "लोळ!" — उशीर. परत. काहीतरी बोलायचं तिने दिवसभर ठरवलं होतं. कोटाच्या बाहीत, टपरीत, सिग्नलला, वाक्य जुळवून ठेवलं होतं. सुरुवातीला "अहो" होतं आणि पुढचं सगळं कुठेतरी सांडलं होतं. परत. धोंड्या भिंतीला जाऊन चिकटला आणि तिथेच चालत राहिला.

त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला. सकाळचं तेच वाक्य यायला हवं होतं, तिने त्याची वाटही बघितली. नाही आलं.

"द्या बघू इकडे," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. मग त्याने दिला.

वाटला होता त्याहून हलका निघाला. "कसं लोळायचं?"

"ते… हे दाबायचं."

"हे म्हणजे कुठलं?"

"हे गं, हे…" त्याने आपला हात हवेत धरून बोटं हलवून बघितली. कुठलं बटण ते त्याला माहीतच नव्हतं. कधी नव्हतंच. त्याच्या बोटांना माहीत होतं. "खालचं. गोल. नाही — त्याच्या शेजारचं. थांब, मला आठवू दे…"

"गोलच आहेत सगळी."

तिने दार उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा. बाई वळली, मुंढ्यात चुणी पडली, ती तिला स्वच्छ दिसली — आणि ओरडायला तोंड उघडलं तर सांगायला समोर कोणी नव्हतं. जे करायचं ते तिच्याच अंगठ्याने करायचं होतं, आणि अंगठा लाकडाचा होता. धोंड्या वाकला, ढाल घेतली, सोडली, पाठ फिरवली. बाईने त्याला एका फटक्यात आडवा केला.

"हे चिकटतंच आहे हो," ती म्हणाली. सवयीने. लाजून. आणि थोडं खरंच तसं वाटून.

पडद्यावर धोंड्या शेकोटीपाशी परत उठून बसत होता, नेहमीसारखा, अंगावरची राख झटकत.

"चिकटत नाही ते," तो म्हणाला. "कधीच चिकटत नव्हतं. माझा हात आहे तो."

अगदी साध्या आवाजात. दुकानात कोणाला औषध समजावून सांगायचा त्याच. हे वाक्य कोणी बोललं की काहीतरी कोसळेल असं तिला इतके महिने वाटत होतं, आणि कोसळलं काहीच नाही. पंखा फिरत होता. उद्या उद्याच येणार होता. दार तेवढंच लांब होतं. अंगठा अजून त्या झिजलेल्या टोपीवर होता, आणि तिने बघितलं तर तो, तिचा स्वतःचा अंगठासुद्धा, जरासा हलत होता.