टिबेट्सने दिलेले ऐंशी

आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की जे बघायला आलात तिकडे बघायचं नाही. शाळेच्या मैदानावर एखादं पोरगं आवडलं की जांभई द्यायची, सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या आणि जाताना शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणायचं, "वाया गेली दुपार." शेजारचाही पारखीच असतो. तोही जांभई देतो. अशा जांभया देत मी, रॉस टिबेट्स, एका बेसबॉल क्लबसाठी पोरं हेरत चौदा वर्षं अख्खं कॅन्सस पालथं घालतोय.

चौदा वर्षांत मी हेरलेला एकही पोरगा वरच्या संघापर्यंत पोचला नाही. क्लबच्या कचेरीत ग्रँट हॅव्हरफील्ड नावाचा साहेब आला आहे. वय एकतीस, मैदानावर कधी उन्हाने नाक सोललेलं नाही. त्याने मार्चमध्ये मला फोनवर सांगितलं, "टिबेट्स, या वर्षी एक तरी खरा खेळाडू आणा, नाहीतर ऑगस्टमध्ये करार संपेल तो संपेलच." अठ्ठावन्नाव्या वर्षी मला दुसरं काही येत नाही. पोरांकडे बघणं एवढंच येतं.

आणि एप्रिलमध्ये मला तो सापडला. हार्लो नावाचं गाव, गव्हाची दोन कोठारं आणि एक शाळा. तिथला डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, टेट लिंडक्विस्ट. त्याच्या हातून चेंडू सुटला की पकडणाऱ्याच्या हातमोज्याचा आवाज माझ्या छातीत उमटायचा. चौदा वर्षांत असा आवाज ऐकला नव्हता. देवाशपथ, मला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून मी जांभई दिली.

आता हे झाकायचं कसं? हार्लोला मी पुन्हा पुन्हा जाणार आणि माझी गाडी दिसली की बाकीचे येणार. तेव्हा बाकीच्यांची नजर वळवायला एक बुजगावणं हवं होतं. मी पिचरच्या पाठीमागे, सेकंड बेसवर उभा राहणारा पोरगा निवडला, एमेट उनरू. पाय बरे, हात बरे, वळणारा चेंडू आला की बॅट एकीकडे आणि चेंडू भलतीकडे. मी बॅटवाल्याच्या पाठच्या जाळीमागे बसून त्याची धाव घड्याळावर मोजू लागलो, मान डोलावू लागलो, वहीत खरडू लागलो. वहीत टेटच्या प्रत्येक चेंडूचा वेग असायचा.

तिसऱ्या मॅचला कॅल्विन प्रुइट उगवला. दुसऱ्या क्लबचा पारखी, वीस वर्षांचा माझा दोस्त आणि तेवढ्याच वर्षांचा वैरी.

"काय रे टिब, कुणाचं लिहितोयस एवढं?"

"कुणाचं नाही."

"सेकंड बेसवरच्याचं?"

"छे! तो कसला खेळतोय?"

झालं. आमच्यात 'कसला खेळतोय' म्हणजे सोनं. प्रुइटने लगेच जांभई दिली. पुढच्या मॅचला पाच गाड्या होत्या, त्याच्या पुढच्या मॅचला अकरा. अकरा जाणती माणसं एमेट उनरूकडे न बघता एमेट उनरूकडे बघत होती.

मग गुण निघायला लागले. तो तीनदा बॅट फिरवून तिन्ही वेळा चुकला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "चुकतो, पण घाबरून नाही चुकत." त्याच्या हातून चेंडू सुटला तर, "बघ, खांदे पाडले नाहीत पोराने." एकाला त्याचा चेहरा आवडला. एकाला त्याची चाल आवडली. मग बाप बघायची वेळ आली, कारण बापाचे खांदे बघून पोरगा किती भरेल ते आम्ही सांगतो. बाप लॉयड उनरू विजेच्या खांबावर चढणारा लाइनमन. पोराची एकही मॅच त्याने कधी बघितली नव्हती. अकरा क्लबांची माणसं आली आहेत हे ऐकून तो पहिल्यांदाच आला, कमरेला खांबावर चढायचा पट्टा तसाच. प्रुइटने त्याला मुद्दाम हॉट डॉग आणायला पाठवलं, पाठमोरा बघता यावा म्हणून.

"काय पाठ आहे!" प्रुइट माझ्या कानात म्हणाला. "पोरगा पंचविशीत बैल होणार बैल."

इकडे टेट एकामागून एकाला बाद करत होता. आमच्यातला एक जण चिडून म्हणाला, "या डावखुऱ्यामुळे सेकंड बेसकडे चेंडूच जात नाही. पोराचं काही बघायलाच मिळत नाही."

मी खूश होतो. आपल्या अकलेवर माणूस एवढा खूश असू नये.

जूनमध्ये ग्रँटचा फोन आला. "टिबेट्स, हार्लोच्या उनरूवर अकरा क्लब आहेत आणि तुमच्या यादीत त्याचं नावच नाही?"

मी सगळं खरं सांगितलं. ते बुजगावणं मीच उभं केलंय, खरा माल टेट आहे.

"म्हणजे अकरा माणसं चुकली आणि तुम्ही एकटे बरोबर?"

"साहेब, ती माझ्यामुळे चुकली!"

"आणि हा लिंडक्विस्ट एवढा चांगला आहे, तर त्याला बघायला कुणीच कसं नाही?"

"कारण मी तो लपवला!"

"चांगला खेळाडू लपत नसतो, टिबेट्स," ग्रँट म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी. मी फोन ठेवला आणि स्वतःला चार शिव्या घातल्या.

जुलैत निवड झाली, म्हणजे सगळे क्लब पाळीपाळीने एकेक नवा पोरगा उचलतात ती. आमच्या क्लबने दुसऱ्या फेरीत एमेट उनरूला उचललं. चौथ्या फेरीत टेट प्रुइटच्या क्लबकडे गेला. रात्री प्रुइटने फोन करून मला यथेच्छ शिव्या दिल्या. "चोरा! उनरू आमचा होता! पाच पाळ्यांनी हुकला आणि माझ्या गळ्यात तो डावखुरा पडला."

मागोमाग ग्रँटचाही फोन आला. आता त्याचा आवाज मधाळ होता. "मानलं तुम्हाला. पोराची सही आणा. तुमचा तीन वर्षांचा करार मी टेबलावर काढून ठेवलाय."

मी हार्लोला गेलो. लॉयड उनरूने दारातच मिठी मारली. डोक्यावर आमच्या क्लबची टोपी, किमतीची चिठ्ठी अजून आत लोंबत होती. जेवणात भाजलेलं डुकराचं मांस होतं, वर चेरी भरलेली गोड पेस्ट्री. जेवताना तो तीनदा म्हणाला, "तुम्ही पहिले आलात, मिस्टर टिबेट्स. बाकीचे मागून आले. हे मी विसरणार नाही." मी खाली बघून मांस कापत राहिलो.

जेवण झाल्यावर एमेट म्हणाला, "चला, तुम्हाला कुत्रीची पिल्लं दाखवतो." मागच्या अंगणात पिल्लं वगैरे काही नव्हती.

"एक विचारू, साहेब? खरं सांगायचं पण."

"विचार."

"मला खेळता येतं का?"

माझ्या खिशात कागद होते. 'येतं' एवढंच म्हणायचं होतं. तीन वर्षं माझी, आणि पोराचंही काय बिघडणार होतं? धुळकट गावांत चार वर्षं बसने फिरला असता, बाकावर बसला असता, मग बाविसाव्या वर्षी कुणीतरी त्याच्या हातात परतीचं तिकीट ठेवलं असतं. असली तिकिटं मी नऊ पोरांच्या हातात ठेवली आहेत. त्यांची तोंडं मला आठवतात.

"तू चांगला आहेस," मी म्हणालो. "पण वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा. वळणारा चेंडू तुला कधीच लागणार नाही, बाळा. मी तुला बघायला आलोच नव्हतो."

पोराने मोठा श्वास सोडला. मला वाटलं रडेल. तो हसला.

"माहीत होतं."

"कसं?"

"मी सेकंड बेसवर असतो ना. तिथून जाळीमागची तुमची सगळी तोंडं समोर दिसतात. टेटने हात उचलला की तुमचं चघळणं थांबायचं. मी बॅटिंगला आलो की मागून तुम्ही बियांची नवीन पुडी फोडल्याचा आवाज यायचा."

अकरा पारखी तीन महिने त्याला पारखत होते आणि तो आम्हाला.

"मग बोलला का नाहीस?"

त्याने खिडकीकडे बघितलं. आत लॉयड टोपी घालूनच भांडी पुसत होता. "बाबा मॅचला यायला लागले होते," तो म्हणाला. "बारा मॅच आले. आधी एकही नाही." मग हळूच म्हणाला, "ऑगस्टमध्ये माझं लाइनमनचं प्रशिक्षण सुरू होतंय. जागा मी सोडली नाहीये. पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, नाहीतर आयुष्यभर वाटत राहिलं असतं."

आत जाऊन त्याने बापाला सांगितलं, "मी सही करत नाही. मला तुमच्याबरोबर खांबावर चढायचंय." लॉयडने टोपी काढली, आतली चिठ्ठी बघितली आणि टोपी दुकानात परत करावी की काय ते त्याला कळेना. "राहू द्या," मी म्हणालो. "उन्हात कामाला येईल."

पोरगा नाही म्हणाला तरी शेवटचा अहवाल भरावाच लागतो. आमच्याकडे गुण वीसपासून ऐंशीपर्यंत. वीसच्या खाली का नाही आणि ऐंशीच्या वर का नाही, कुणाला माहीत नाही. विचारलं तर नवखा समजतात. ऐंशी सहसा कुणी देत नाही, मी तर टेटलाही सत्तरच दिले होते. फटका, ताकद, धाव, फेक, पकड असे पाच रकाने, आणि तळाशी 'समज' नावाचा सहावा, जो कचेरीत कुणी वाचत नाही. मी पाच रकान्यांत तीस, तीस, पंचेचाळीस, चाळीस, चाळीस लिहिले. सहाव्यात जे लिहायचं ते लिहिलं.

या वेळी मात्र ग्रँटने तो वाचला.

"टिबेट्स, चौदा वर्षांत तुम्ही कुणाला ऐंशी दिले नाहीत. आणि आता देताय, ते आपल्याला नाही म्हणणाऱ्या पोराला?"

"म्हणूनच दिले, साहेब," मी म्हणालो, आणि त्याने माझा करार टेबलावरून उचलून ड्रॉवरमध्ये टाकल्याचा आवाज मला फोनमधून ऐकू आला.